वकीलअण्णांच्या वाकड्या वाती

आमचे वकीलअण्णा कापसाच्या वाती वळत. रोज सकाळी आंघोळ उरकली की बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या घराच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बैठक मारत. मांडीवर पंचा, पंच्यावर कापसाचा पुंजका आणि बोटांना लावायला शेजारी वाटीत चिमूटभर राख. पक्षकार यायला लागले तरी ही बैठक मोडत नसे. नवा माणूस फाटकाशीच घुटमळे. आपण वकिलाचं घर शोधत चुकून भटजींच्या घरी आलो, असं त्याला वाटे. मग अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "या की आत. वकीलच आहे मी. स्वल्प बसा, एवढी एक होऊ दे."

आणि ती एक तरी कशी व्हायची! एका टोकाला बोटाएवढी जाड, दुसऱ्या टोकाला सुतासारखी, मधे कुठेतरी गाठ. कोर्टात अण्णांच्या बोलण्यात कुणाला फट सापडत नसे, पण वात काही त्यांना शेवटपर्यंत सरळ जमली नाही. माझी मावशी, म्हणजे त्यांची बायको, त्यातली एखादी उजेडात धरून म्हणे, "एवढ्या वर्षांत माणूस विमान चालवायला शिकला असता." पण ती तीच वात समईत घाली. बाजारची घेत नसे, स्वतःही वळत नसे. कोर्टातले लोक त्यांना मागून 'वातीवकील' म्हणत. हे अण्णांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

या वातींची सुरुवात झाली तेव्हा मी त्या घरात होते, म्हणून हे मला सांगता येतं. मी मूळची बेळगावची. मुलींच्या शाळेत नोकरी लागली तशी मावशीकडे राहायला आले, ती त्यांच्या वरच्या खोलीत चांगली दहा-बारा वर्षं राहिले. नात्यानं ते माझे काका, पण सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागले. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बेंगळुरात. मराठी त्यांच्या घरातून कधी बाहेर गेली नव्हती, मात्र कन्नड आत येऊन ऐसपैस बसली होती. अण्णा भांडत कन्नडमधून आणि माफी मागत मराठीतून. रागीट होते, त्यामुळे दोन्ही भाषांचा सराव राही.

त्यांची वकिली कामगारांची. कुणाचा हात यंत्रात गेला, कुणाला अपघातानंतर काढून टाकलं, असे लोक त्यांच्याकडे येत. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला. माणूस आपलं दुखणं सांगायला लागला की ते हात वर करत. "काय होतंय ते डॉक्टरला सांगा. हात कशाला लावता, ते मला सांगा." एकदा एक गृहस्थ घरमालकाशी विहिरीवरून चाललेलं भांडण घेऊन आले. अण्णांनी विचारलं, काम काय करता? ते म्हणाले, छापखान्यात खिळे जुळवतो. झालं. अण्णांनी त्यांना तोंड उघडायला लावलं, हिरड्यांवर निळसर रेघ आहे का ते बघितलं, आणि शिशाचं विष अंगात भिनतं कसं यावर त्यांना असं काही सुनावलं की गृहस्थ घाबरून थेट डॉक्टरकडे गेले. दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाले, "साहेब, माझी विहीर तशीच राहिली."

कायदा समजावून सांगण्याची त्यांची एक तऱ्हा होती. ते म्हणत, "कायद्याच्या घराला दारं पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दाराला उंबरा आहे. कोणत्या दारानं जायचं हे आधी ठरवा, नाहीतर अंगणातच आयुष्य जाईल." मग बोटांवर एकेक दार मोजून दाखवत आणि प्रत्येकाच्या उंबऱ्याला माणूस कुठे अडखळेल तेही सांगत. खोटी आशा दाखवण्याचा त्यांना भारी तिटकारा. मला हा माणूस सर्वांत आवडला तो या एका गोष्टीसाठी.

ज्ञानोबा शिंपी आला तो साठ सालानंतरच्या एका पावसाळ्याच्या शेवटी. चिकपेटेत आपल्या मराठी शिंप्यांची घरं आहेत, त्यांपैकी हा. फाटकापासून पडवीपर्यंत चालताना तो दोनदा थांबला. पन्नाशीही झाली नसेल, पण छाती आत ओढलेली आणि बोटांची टोकं फुगलेली. बरोबर त्याची बायको तुळसाक्का होती. ती पडवीत चढेना. पायरीवरूनच म्हणाली, "आम्ही इथंच बसतो. ह्यांना क्षय आहे म्हणतात. तुमच्या घरात मंडळी आहेत."

"कोण म्हणतं?" अण्णांनी विचारलं.

"कारखान्याचा डॉक्टर. तेवढं म्हणाला आणि काढून टाकलं की ह्यांना. शेजारणी नळावर माझी घागर बाजूला सारतात. थोरलीला बघून गेले होते, त्यांनीही निरोप धाडला, नको म्हणून."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "आधी वर या दोघं. आता सांगा ज्ञानोबाराव, हात कशाला लावत होता?"

ज्ञानोबा म्हणाला, "कल्नारूला."

कल्नारू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. कन्नडमध्ये दगडाचा धागा. खाणीतून निघतो, पण पिंजला की सावरीच्या कापसासारखा मऊ होतो, आणि आगीत घातला तरी जळत नाही. शहराबाहेरच्या एका कारखान्यात त्याचं कापड विणत आणि ज्ञानोबा वीस-बावीस वर्षं तिथं बसून ते कापड कापत आणि शिवत आला होता. बॉयलरवर घालायच्या जाड गोधड्या, भट्टीवाल्यांचे हातमोजे, आगवाल्यांचे झगे. शिवणकाम त्याचं इतकं देखणं की स्वतःच्या कामाबद्दल बोलताना तो धाप विसरून जाई. "कात्री चालवली की धूर निघाल्यासारखं उडायचं, अण्णा. संध्याकाळी घरी गेलो की पोरं म्हणायची, बाबा म्हातारे होऊन आले. ही मला अंगणातच उभं करून कपडे झटकायची."

अण्णांनी त्याला झटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात, घालून छातीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर परदेशात शिकून आले होते आणि कमी बोलत. अण्णांनी त्यांना बोलतं केलं. एक्स-रे खिडकीशी धरून त्यांनी इतके प्रश्न विचारले म्हणे, की बाहेरचे रोगी कुरकुरायला लागले. संध्याकाळी घरी आले ते जेवायलाच बसेनात. मला आणि मावशीला समोर बसवून त्यांनी ते सगळं सांगितलं, बहुधा स्वतःला नीट कळलंय का ते तपासायला. ती धूळ इतकी बारीक की श्वासाबरोबर खोल जाते आणि मग बाहेर येत नाही. फुप्फुस हळूहळू कडक होतं. वर्षानुवर्षं काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ज्ञानोबाच्या बाबतीत त्याच्याही पुढचं होतं. फुप्फुसावरच्या पातळ पडद्याला गाठ धरली होती, कॅन्सरची. क्षयाचा जंतू त्याच्या थुंकीत एकदाही सापडला नव्हता.

"बरा होईल?" मावशीनं विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले, आणि मग जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे ज्ञानोबालाही सांगितलं. कुणी दुसरा असता तर बायकोला बाजूला घेऊन कुजबुजला असता. अण्णांनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "ज्ञानोबाराव, आजार जाणार नाही. पण त्याला दिलेलं नाव खोटं आहे, ते मी काढायला लावीन. खरं नाव लागलं की भरपाई घरच्यांना मिळेल आणि नळावरची घागरही जागेवर येईल." ज्ञानोबा पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "मी असेपर्यंत लागेल का अण्णा? मला ऐकायचं आहे." अण्णांनी यावर हो म्हटलं नाही. "पळतो मी," एवढंच म्हणाले.

मग बोटांवर दारं आली. पहिलं दार सरकारी विम्याचं. पण कारखान्यानं ज्ञानोबाचं नाव पटावर कधी घेतलंच नव्हतं. तो नगावर शिवणारा शिंपी, आमचा नोकर नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. दुसरं दार दिवाणी दाव्याचं. ते मोठं खरं, पण त्या दारातून जायला जितकी वर्षं लागत तितकी ज्ञानोबाकडे नव्हती. तिसरं दार कामगार भरपाईच्या कमिशनरांचं. त्याला उंबरे दोन. ज्ञानोबा कारखान्याचा कामगार होता हे दाखवायचं, आणि आजार तिथल्याच धुळीचा हे दाखवायचं. शिवाय एक मेख होती. कायद्याच्या यादीत या धुळीनं फुप्फुस कडक होण्याचा रोग होता, गाठीचा नव्हता. डॉक्टर गाठीवर भर देऊ लागले तेव्हा अण्णांनी त्यांना हात जोडले. "डॉक्टर, तुम्हाला दोन्ही दिसतं. कायद्याला अजून एकच दिसतं. आधी त्याला दिसतं ते दाखवा, मग गाठ सांगा."

डॉक्टरांनी साक्ष उत्तम दिली. पण कारखान्याच्या वकिलानं एकच मुद्दा धरला. धूळ असते ती पिंजण्याच्या खोलीत. शिलाईच्या खोलीत तयार कापड येतं, तिथं धूळ कुठली? अण्णांना ती खोली बघू देण्यात आली, तेव्हा ती धुऊन लख्ख केलेली होती. बरोबरीचे कामगार तोंड उघडत नव्हते. सगळ्यांनाच पोटं होती. अण्णा घरी येऊन कन्नडमधून भिंतीशी भांडू लागले.

अशात कार्तिक लागला. आमच्या भागात कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते, त्यामुळे हवेला महिनाभर भाजक्या शेंगांचा वास असतो आणि घराघरांत दिवे लागतात. एका संध्याकाळी तुळसाक्का पदराखाली पुडी घेऊन आली. अण्णा पैशाचं नाव काढू देत नसत, म्हणून तिनं मावशीसाठी आपल्या परीनं भेट आणली होती. "वहिनी, ह्या वाती. मी स्वतः वळल्यात, आणि हा थोडा पिंजकाही आहे. एकदा घातली की वर्षभर बघायला नको. तेल घालत राहा, वात जळत नाही."

मावशीचा आनंद काय सांगावा! तिनं लगेच समईत एक घातली. ज्योत लागली, तेल जळलं, आणि सकाळी बघितलं तर वात जशीच्या तशी. हिला देवाचा चमत्कार म्हणायचं एवढंच तिनं बाकी ठेवलं. शेजारच्या सरसक्काला दोन दिल्या, देवळातल्या बाईंना एक दिली. चिकपेटेच्या त्या गल्लीत तर म्हणे सगळ्या बायका कार्तिकात याच वाती लावत. नवरे कारखान्यातून पिंजका आणत आणि दुपारी बायका ओसरीवर बसून वाती वळत. कापसाची वात जळून जाते, ही देवापुढे अखंड राहते. जी वस्तू झिजत नाही ती देवाला वाहावी, यात कुणाला काय वावगं वाटणार?

अण्णांचं लक्ष गेलं ते तिसऱ्या दिवशी. देवाच्या बाबतीत ते उदासीन, पण जेवायला बसत ती जागा समईसमोरची होती. घास हातात धरून त्यांनी विचारलं, "ही परवाचीच वात?"

मावशी कौतुकानं म्हणाली, "तीच की. तुळसाक्कानं दिली. कल्नारूची."

"तिला कुठून मिळाली?"

"ज्ञानोबा आणायचा ना. शिलाईच्या खोलीत जमिनीवर पडलेलं असतं म्हणे, पोत्यानं भरून."

अण्णा उष्ट्या हातानं उठले. मला म्हणाले, "सुमन, उद्याच्या उद्या विचार, कारखान्याच्या मुकादमाच्या घरी दिवा कशाचा असतो?" ही चौकशी अर्थात मावशीनं केली, आणि उत्तर यायला देवळातली एक दुपार पुरली.

पुढच्या तारखेला मी शाळेत रजा टाकली, कारण समई कारकुनाच्या हाती द्यायला मावशी तयार नव्हती. मी सोवळ्यातल्यासारखी ती कुशीत धरून कमिशनरांच्या कचेरीत बसले. कारखान्याचा मुकादम बसप्पा साक्षीला उभा राहिला. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, सरळ माणूस. शिलाईच्या खोलीत धूळ नसते, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं. अण्णा उठले. ओरडतील असं मला वाटलं होतं; उलट घरातल्या माणसाशी बोलावं तसे बोलले.

"बसप्पा, घरी देवापुढे दिवा लावता?"

"लावतो की स्वामी. रोज."

"वात कशाची?"

कारखान्याचा वकील आक्षेप घ्यायला उठला. कमिशनरांनी त्याला हातानं थांबवलं. अण्णांनी मला खूण केली. मी समई टेबलावर ठेवली, अण्णांनी ती काडीनं पेटवली, आणि म्हणाले, "तुम्हाला शपथ घालत नाही. ही वात आमच्या देवापुढची. तुमच्या देवापुढे कशाची आहे, एवढंच विचारतो."

बसप्पानं समईकडे बघितलं आणि सवयीनं हात जोडले. माझ्या मते तिथंच काम झालं. हात जोडलेले असताना त्याच्यानं खोटं बोलवेना. "कल्नारूची," तो म्हणाला.

"कुठून नेता?"

"शिलाईच्या खोलीतून."

"किती पडलेलं असतं?"

"सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत पाऊल उमटतं."

"ज्ञानोबा कुठे बसायचा?"

"तिथंच. खाली, पट्टीवर."

"कामावर कधी यायचं, कधी सुटायचं, कोण सांगायचं त्याला?"

"मीच, स्वामी. भोंग्याबरोबर."

दोन्ही उंबरे एकदम ओलांडले गेले.  बाहेर पडताना बसप्पा माझ्या हातातल्या समईला पुन्हा एकदा नमस्कार करून गेला.

त्या दिवशी अण्णा येताना मोगऱ्याचा गजरा आणि म्हैसूरपाक घेऊन आले. घरात शिरतानाच "तुझ्या समईनं खटला जिंकला गं!" म्हणून ओरडले. मावशीनं हात-पाय धुतले, समई पुन्हा देवापुढे ठेवली, पुडीतला उरलेला पिंजका काढला आणि मला म्हणाली, "बस, चार वाती वळू." तिनं पुंजका झटकला. खिडकीतून तिरीप येत होती, तिच्यात बारीक पांढरं काहीतरी तरंगायला लागलं. अण्णांच्या हातातला म्हैसूरपाक तसाच राहिला. त्यांनी येऊन तिच्या मांडीवरचा पिंजका ओल्या पंच्यात गुंडाळला, आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"मी वकील आहे की मूर्ख?" ते म्हणाले, तेही मराठीतून. "तीन आठवडे ही वात मी पुरावा म्हणून बघतोय. वळणाऱ्या बायका मला दिसल्याच नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस दारोदार फिरला. चिकपेटेच्या त्या गल्लीत, आमच्या शेजारी, देवळात. "जळताना नव्हे हो, वळताना धूळ उडते. फेकून द्या. सुकी झटकू नका, ओल्या फडक्यात बांधून पुरा." बायकांनी त्यांना ताक दिलं, पान दिलं, वाती काही दिल्या नाहीत. देवाला वाहिलेली वात पुरायची म्हणजे काय? सरसक्का तर म्हणाली, "अण्णा, तुम्ही देव मानत नाही म्हणून आमच्या दिव्यामागे लागलात." सगळ्यांत मोठा तंटा घरातच झाला. मावशी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "अखंड वात काढून कापसाची घालायची, ती रोज जळणार, रोज नवी लागणार. माझे हात दुखतात. कोण वळणार?"

"मी," अण्णा म्हणाले.

तिला ते थट्टेवारी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत राखेची वाटी, पंचा आणि कापूस घेऊन ते बसले होते. पहिली वात त्यांनी तिला दाखवली तेव्हा मावशी इतकी हसली की अबोला आपोआप संपला. त्यानंतर एक सकाळ चुकली नाही. आणि गंमत अशी की त्यांच्या दारोदारच्या उपदेशानं जे झालं नाही ते या वातींनी पुष्कळसं केलं. "काय हो, तुम्ही आणि वाती?" असं जो कुणी विचारी त्याला सगळी हकिगत ऐकावी लागे, आणि त्यातले बरेच घरी जाऊन दिव्यात डोकावत.

निकाल लागला. कमिशनरांनी आजाराला त्याचं खरं नाव लिहिलं आणि भरपाई मंजूर केली. ज्ञानोबाला आता चार पावलंही चालवत नव्हती. त्यानं निरोप पाठवला, निकाल समाजाच्या विठोबाच्या देवळात वाचा. एका एकादशीला त्याला खुर्चीत बसवून आणलं. भजनाआधी अण्णा उभे राहिले आणि इंग्रजीतला तो निकाल ओळीओळीनं मराठीत सांगू लागले. कोर्टात न अडखळणारा माणूस तिथं दोनदा अडखळला. 'हा क्षय नव्हे' हे वाक्य आलं तेव्हा ज्ञानोबानं बोट वर केलं. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं. अण्णांनी पुन्हा वाचलं. भजन संपल्यावर नळावरच्या दोघी-तिघी पुढे आल्या आणि तुळसाक्काजवळ टेकल्या. संक्रांतीला गल्लीत एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तिळगूळ, वाटलं गेलं तेव्हा ज्ञानोबा नव्हता. पण थोरलीचं लग्न पुढे त्याच घरात झालं, ज्यांनी नको म्हणून निरोप धाडला होता.

गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं. काही वर्षांनी तुळसाक्का फाटकातून आली आणि पडवीपर्यंत येताना दोनदा थांबली. अण्णांच्या हातातली वात गळून पडली, मी बघितलं. त्याच डॉक्टरांनी तीच गाठ सांगितली. नवऱ्याचे कपडे अंगणात झटकणारी बाई. कारखान्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं.

अण्णांनी तिच्यासाठी बोटं मोजायला घेतली आणि एकही बोट वर येईना. विमा नव्हता, भरपाईचा कायदा नोकरीवर असलेल्यांचा, आणि दिवाणी दाव्याला आयुष्य पुरणार नव्हतं. तरी ते कमिशनरांपुढे गेले, तिथून वरही गेले. "कारखान्याची धूळ तिनं वीस वर्षं झटकली," ते म्हणाले, "हे काम नव्हे तर काय?" न्यायाधीश सहानुभूतीनं बोलले आणि त्यांनी अर्ज फेटाळला. त्या संध्याकाळी अण्णा तिच्याकडे गेले आणि तिला सांगितलं, "तुळसाक्का, तुझ्यासाठी या घराला दारच ठेवलेलं नाही. मी चुकलो असेन, पण सापडलं नाही." तिनंच त्यांची समजूत काढली. "राहू दे अण्णा. ह्यांचं नाव तुम्ही सोडवलंत की." ती त्या वर्षीच गेली. तिच्यासारख्या बायकांची सोय कायद्यात करा, असे अर्ज अण्णा पुढे दरवर्षी सरकारला लिहीत राहिले. त्यांची पोचही कधी आली नाही.

अण्णा गेले एकोणसत्तर साली, सकाळी, पडवीतच, हृदयाच्या झटक्यानं. मांडीवर पंचा होता. त्यांना ठेवलं होतं त्या जागी आमच्या रिवाजाप्रमाणे दिवा लावला. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. मावशीनं पत्र्याचा डबा उघडला. तो त्यांच्या वातींनी भरलेला होता, जाड, बारीक, गाठीच्या. त्यातली एक तिनं लावली, पण ती मधल्या गाठीशी येऊन फरफरायला लागली.

सांत्वनाला बसलेली सरसक्का हळूच उठून घरी गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. इतकी वर्षं तिनं ती जपून ठेवली होती. मावशीच्या कानाशी लागून म्हणाली, "अक्का, ही वाकडी वात विझेल, अपशकुन होईल. ही घाला. जुन्या त्यातली आहे. जळत नाही, दहा दिवस बघायला नको."

मावशीनं पुडी उघडली नाही. परत तिच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटली. "ओल्या फडक्यात बांधून पुर," ती म्हणाली. "ह्यांची जळते तेवढी जळू दे. संपली की दुसरी लावू."

मग ती दिव्याजवळ बसली, गाठीशी अडलेली वात तिनं बोटानं पुढे सारली, आणि डब्यातली दुसरी तेलात भिजत घातली.